खंडेनवमीचा लिफ्टर

लिफ्टर आला तर आपल्या पदरात काय पडेल, हे गुंडूरावांनी बसच्या खिडकीशी बसून पुष्कळदा मोजलं होतं. पगारात फरक पडणार नव्हता आणि तशी त्यांना आशाही नव्हती. पण चामराजपेटेपासून होसकोट्यापर्यंतचा रस्ता लांब, आणि रस्ता लांब असला की माणसाला मोजायला काहीतरी लागतं. मालक गुंडूरावांच्या स्टोअरमध्ये डोकावतात ते नाकाला रुमाल लावून. ते आता आत येऊन, जरा उभे राहून बघतील. मॅनेजर जयतीर्थ सगळ्यांदेखत म्हणतो, ‘गुंडूराव, तुमचं काय, ड्रम मोजायचे आणि सही करायची’. त्याला निदान यंत्राच्या बाबतीत तरी गुंडूरावांचं तोंड बघावं लागेल. आणि सगळ्यात शेवटी, जरा ओशाळून, ते एक गोष्ट मोजत. खरं तर बाकीचं सगळं मोजणं तिच्यासाठीच होतं. रूपश्रीचा नवरा धडधाकट राहील.

रूपश्री ही त्यांची धाकटी बहीण. तिचं लग्न गुंडूरावांनीच जमवलं होतं. पुढे नवऱ्याची सूतगिरणी बंद पडली, तेव्हा त्याला आपल्या रंगाच्या कारखान्यात हमाल म्हणून चिकटवलंही त्यांनीच. म्हणजे एकाच माणसाची जबाबदारी त्यांनी दोनदा, स्वतःच्या हातानं, गळ्यात बांधून घेतली होती.

ह्या माणसाचं नाव परसू. घरी तो परसूराव. जावईमाणूस, त्याचं पान पहिलं वाढायचं. कारखान्याच्या फाटकाशी आला की त्याचा ‘राव’ बाहेर सायकलस्टँडवर राहायचा आणि आत यायचा नुसता परसू. तोही घरी मेहुण्याला ‘अण्णा’ म्हणायचा आणि फाटकाच्या आत ‘सार’. दोघांनी हे कधी बसून ठरवलं नव्हतं, पण कुणाची कधी चूक झाली नव्हती.

परसूची कारखान्यात ख्याती होती ती ड्रम चालवण्याबद्दल. भरलेला ड्रम म्हणजे दोन माणसांनी कुंथत हलवायची वस्तू. हा त्याला छातीशी ओढून काठावर तिरका करायचा आणि त्या काठावरच गरगर फिरवत, एखाद्या जाड्या व्याह्याला मांडवात नेऊन बसवावं तसा, पाहिजे त्या जागी नेऊन बसवायचा. लॉरीतून ड्रम उतरवायची पद्धत मात्र व्याह्याला शोभेलशी नव्हती. लॉरीच्या मागं जमिनीवर एक जुना टायर टाकायचा आणि ड्रम आडवा करून वरून त्यावर सोडायचा. टायरवर पडला की ड्रम उसळतो. तो कुठल्या बाजूला उसळेल हे ज्याला कळतं त्यानं खाली उभं राहायचं. खाली परसू उभा राहायचा.

तो उभा राहायचा आणि घरी येऊन आडवा व्हायचा. आधी पायाचं बोट चेचलं, मग कंबर धरली. के. आर. पुरमच्या डॉक्टरनं सांगितलं की असंच चाललं तर पन्नाशीत काठी घ्यावी लागेल. रूपश्री हे गुंडूरावांच्या घरी येऊन, पोह्यांची बशी हातात घेऊन, हसत हसत सांगायची. तिचं हसणंच वाईट असायचं.

“अण्णा, लग्नात सरळ होता ना रे माझा नवरा? नीट बघूनच दिला होतास ना? मग तुझ्या कारखान्यानं असा वाकवून कसा परत दिला?”

गुंडूराव पोहे गिळायचे आणि दुसऱ्या दिवशी मालकांच्या खोलीबाहेर जाऊन उभे राहायचे.

असं पुष्कळदा उभं राहिल्यावर, शहाण्णव साली, पीण्या भागातल्या एका वर्कशॉपमधून लिफ्टर आला. पिवळा रंग, दोन पुढे आलेले पाय, खाली चाकं आणि मधे उभा खांब. खांबावर पक्ष्याच्या चोचीसारखा एक चिमटा होता. चोचीनं ड्रमचा वरचा काठ धरायचा, पायानं पंप मारायचा, की तो अजस्र ड्रम निमूट वर उचलला जायचा. अगदी लॉरीच्या फळीपर्यंत तो पोचायचा. तिथून ड्रम धरून, हळूच खाली घेऊन, ढकलत आत न्यायचा. टायर नको, उसळणं नको, खाली उभं राहणारं कुणी नको. त्याच्याबरोबर ड्रम आडवे ठेवायला लोखंडी घोड्या आल्या, गळलेलं झेलायला पसरट ताटं आली. गुंडूरावांनी सगळं स्टोअर नव्यानं लावलं.

परसूनं कमरेवर हात ठेवून त्या यंत्राभोवती एक चक्कर मारली.

“म्हणजे आता मी ह्याच्या मागं मागं चालायचं?”

“मागं चाल, पुढं चाल, पण सरळ चाल,” गुंडूराव म्हणाले.

“ह्याला जेवायला काय घालता सार?”

“तेल.”

“मग आमच्याहून बरंय. आम्हाला तर रूपा तेल मोजून घालते.”

जयतीर्थ हसला, आणि जाता जाता आपलंही एक टोचून गेला, “गुंडूराव, आता तुमच्या मेहुण्याला काय काम ठेवलंत? यंत्राला वारा घालायचं?”

पण महिन्याभरात परसूचा राग उतरला. त्यानं कबूल काही केलं नाही, फक्त लिफ्टरचं हँडल पुसायला घरून एक जुना टॉवेल आणून ठेवला. आणि एका रविवारी रूपश्री चामराजपेटेला आली ती डबाभर लाडू घेऊन. टोमणा नाही, काही नाही. डबा ठेवला आणि म्हणाली, “रात्री झोपतात आता. कुशीवर वळतात.” तिनं इतकंच म्हटलं आणि गुंडूरावांना वाटलं, आपण मोजलं होतं त्याहून जास्तच मिळालं.

इथेच ते थांबले असते तर ही गोष्ट सांगायचं कारण नव्हतं. पण एकदा मिळायला लागलं की माणूस हात आखडता घेत नाही. लिफ्टरमुळे गुंडूरावांना मान मिळू लागला आणि तो त्यांना आवडला. मालकांच्या ओळखीचे लोक कारखाना बघायला आले की त्यांना स्टोअरमध्ये आणलं जाई. गुंडूराव स्वतः पंप मारून दाखवत. शर्टाच्या खिशाला पेन दोन झाले.

दसरा आला. बंगळूरमध्ये खंडेनवमीला आयुधपूजेचं केवढं प्रस्थ! लेथ, रिक्षा, शिवणयंत्र, न्हाव्याची कात्री, ज्याच्यावर ज्याचं पोट, त्याला त्या दिवशी आंघोळ, हळदकुंकू आणि विश्रांती. पूजेत बसलेली वस्तू दसऱ्याच्या सकाळी उत्तरपूजा होईपर्यंत हलवायची नाही. त्या वर्षी आदल्या दिवशीच मालकांनी गुंडूरावांना बोलावून सांगितलं, “उद्या पूजा झोकात करा. परवा सकाळी वडिलांना घेऊन येतो, बरोबर हैदराबादची पार्टी असेल. तुमच्या त्या यंत्रापाशीच फोटो काढू. तुम्हीही उभे राहा.”

‘तुम्हीही उभे राहा.’ गुंडूरावांनी त्या रात्री नवा शर्ट इस्त्रीला टाकला.

नवमीला सकाळीच ते मार्केटातून शेवंतीचे हार घेऊन आले. एवढे की बसमध्ये कंडक्टरनं विचारलं, कुणाचं लग्न? लिफ्टरच्या खांबाला केळीचे कोंब बांधले, चोचीला हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली. बाकीच्या यंत्रांना एकेक हार आणि ह्याला इतके की पिवळा रंग दिसेना. रूपश्री लेकीला, भव्याला घेऊन पूजेला आली होती. तिनं पुढे होऊन लिफ्टरला कुंकू लावलं, आणि कुणी बघत नाहीसं पाहून त्याच्या पायालाही हात लावला. कारखान्यात तिनं आजवर हात जोडले असतील तर ते ह्याच एका साहेबाला.

मग नजर लागू नये म्हणून कोहळा फोडायचा. हे काम दरवर्षी वॉचमनचं. ह्या वर्षी गुंडूरावांनी स्वतः मागून घेतलं. स्टोअरच्या दारासमोरच कुंकू भरलेला कोहळा त्यांनी दोन्ही हातांनी असा आपटला की लाल-पांढरा गर भिंतीपर्यंत उडाला. टाळ्या पडल्या. कडलेपुरीच्या, म्हणजे चुरमुरे-डाळ्यांच्या, पुड्या वाटल्या गेल्या. मोठाल्या फोडी कुणीतरी पायानं बाजूला केल्या, आणि लोक घरोघर गेले. रूपश्रीही भव्याला घेऊन बसला गेली.

दुपारी मद्रासहून रेझिनच्या ड्रमांची लॉरी आली. ती आदल्या दिवशी यायची होती, वाटेत बंद पडली होती. ड्रायव्हर उतरला तोच हात जोडून. घरी पोरं वाट बघतायत, गाडीची पूजा राहिलीय, उतरवून घ्या साहेब.

जयतीर्थ स्कूटरला किक मारत होता. “आज सुट्टी. फाटकाबाहेर लाव, उद्या दुपारी बघू,” म्हणाला आणि गेला. वॉचमन जेवायला गेला होता. राहिले गुंडूराव, आवराआवरीसाठी थांबलेला परसू, आणि तो ड्रायव्हर, जो आता गुंडूरावांच्या मागं मागं फिरत होता.

गुंडूराव मनात एक हिशेब करत होते. उद्या सकाळी मालक येणार, वडील येणार, पार्टी येणार. आणि फाटकात ही चिखलानं माखलेली लॉरी आडवी. फोटो काढायचा तो हिच्यासमोर?

“सार,” परसू म्हणाला, “ड्रम फार नाहीत. लिफ्टर काढू या की.”

गुंडूरावांनी त्याच्याकडे असं बघितलं, जसं काही त्यानं देव्हाऱ्यातला देव खेळायला मागितला.

“पूजेत आहे तो.”

“हार स्वल्प बाजूला सारायचे. काम झालं की परत घालू. देव काय रागावतोय? त्याचंच काम करतोय.”

“घरी जाऊन बायकोला विचार, खंडेनवमीला पूजेतली वस्तू हलवतात का ते. आत्ताच कुंकू लावून गेलीय.”

रीत खरी होती. गुंडूरावांच्या घरात सात पिढ्या ती कुणी मोडली नव्हती. पण त्यांना त्या घटकेला सात पिढ्या दिसत नव्हत्या. दिसत होते ते हार. काढले की चुरगळणार, केळीचा कोंब तुटणार, आणि सकाळपासून जे इतकं साधलंय ते पुन्हा तसं बसणार नाही. रीत त्यांच्या हाताशी होती म्हणून त्यांनी ती पुढे केली.

परसूनं लॉरीतले ड्रम एकदा नजरेनं मोजले. मग म्हणाला, “मग टायर आणू?”

त्या टायरपायी हा माणूस किती वर्षं वाकला, आणि त्याला त्यापासून सोडवायला आपण किती दिवस मालकांच्या दाराशी उभे राहिलो, हे गुंडूरावांना आठवलं नसेल असं नाही. पण ड्रायव्हर पुन्हा हात जोडत होता, आणि ऊन उतरायला लागलं होतं.

“सरी, आण,” गुंडूराव म्हणाले. “सावकाश कर.”

परसूनं नवा शर्ट काढून खुंटीला लावला. कुंपणामागचा टायर ओढून आणला. ड्रायव्हर वर चढला, परसू खाली उभा राहिला. पहिला ड्रम आला, धप्प झाला, उसळला. परसूनं त्याला अंगावर न घेता खांद्यानं नुसता वळवला आणि काठावर नाचवत आत नेला. परत आला तो हसत.

“बघा सार! विसरलो नाही. ह्या तुमच्या पिवळ्या साहेबाला जमेल का असं?”

गुंडूरावही हसले. खरं सांगायचं तर त्यांना बघायला बरं वाटत होतं. लग्नातला तो सरळ, तरणा परसू पुन्हा दिसत होता.

बरेच ड्रम असे उतरले. मग एक टायरच्या कडेवर पडला आणि उजवीकडे उसळला. परसूला ते वेळेवर कळलं होतं. ह्याबद्दल शंका नको. तो मागे सरकलाही. पण मागे, दाराच्या अंगाला, कोहळ्याचा गर होता. पाय सर्रकन गेला. तो भिंतीशी बसकन खाली पडला, आणि ड्रम त्याच्या मांड्यांवरून चढून पोटाशी येऊन, त्याला भिंतीशी दाबून थांबला.

तो ओरडला नाही. “अण्णा,” एवढंच म्हणाला. फाटकाच्या आत तो पहिल्यांदाच त्यांना अण्णा म्हणाला.

दोघांनी जोर लावला. पण माणूस भिंत आणि ड्रम ह्यांच्या मधे असा रुतला होता की ड्रम ढकलायचा तर त्याच्या अंगावरूनच ढकलावा लागला असता. ड्रायव्हर रडायला लागला. मग गुंडूराव आत धावले. त्यांनी हार दोन्ही हातांनी ओढून तोडले, केळीचे कोंब मोडले, चाकांखालची लिंबं पायानं उडवली आणि लिफ्टर बाहेर आणला. त्याची चोच ड्रमच्या काठाला लावून पंप मारला. ड्रमचं एक टोक परसूच्या अंगावरून अलगद, निमूट वर उठलं. त्या कामासाठीच तो केलेला होता.

मोठ्या सरकारी इस्पितळात परसू चार-पाच दिवस राहिला. आतून काय काय फाटलंय हे डॉक्टरांनी सांगितलं, ते गुंडूरावांनी ऐकलं नाही. पोलीस जबाब घ्यायला आला तेव्हा जयतीर्थही खाटेशी उभा होता. परसूनं डोळे मिटूनच सांगितलं.

“ड्रायव्हर चहापाण्याला देतो म्हणाला. म्हणून मीच उतरवायला घेतले. सारना माहीत नव्हतं. सार आत पूजेपाशी होते.”

गुंडूराव खाटेच्या पायथ्याशी होते. त्यांनी तोंड उघडलं. परसूनं डोळे उघडून त्यांच्याकडे पाहिलं आणि मान थोडीशी, अगदी थोडीशी, हलवली. मेहुण्याचं तोंड उघडंच राहिलं. पोलिसानं लिहून घेतलं, अंगठा घेतला. ड्रायव्हरला हेच सोयीचं होतं. त्यानंही तेच सांगितलं.

परसूचं दिवस-कार्य झाल्यावर कारखान्याचं म्हणणं ठरलं. सुट्टीचा दिवस, माणूस कामावर नाही, कुणी काम सांगितलं नाही, स्वतःच्या चिरीमिरीसाठी केलं. तेव्हा भरपाईचा प्रश्न येत नाही. तरी मालक माणुसकी म्हणून काहीतरी देतील. जयतीर्थानं हे गुंडूरावांना चहा पाजत सांगितलं, आणि कप खाली ठेवताना पुढचंही सांगितलं.

“स्टोअरच्या माणसानं हुकूम दिला होता असं निघालं असतं, तर पूर्ण भरपाई भरावी लागली असती. मालकांनी त्या माणसाला अर्थात ठेवला नसता.” मग त्यानं दाराकडे एकदा पाहून घेतलं. “मी उद्या बघू म्हणालो होतो, गुंडूराव. मी फाटकाबाहेर म्हणालो होतो.”

त्याला सगळं कळलं होतं. तोही गप्प बसला, कारण त्याचंही त्यात भलं होतं.

गुंडूराव थंडीपर्यंत गप्प राहिले. मग एका रविवारी के. आर. पुरमला गेले. रूपश्री अंगणात बसून भिजवलेल्या अवऱ्याचे, म्हणजे पावट्याचे, दाणे चिमटीत धरून सोलत होती. भव्या दिसली नाही.

“भव्या?”

“वरच्या मजल्यावरच्या अक्कांच्या दुकानात कामाला जाते. कॉलेजचं, पीयूसीचं, नंतर बघू म्हणाली.” तिनं पाट सरकवला. “बस. भात खाऊन जा.”

गुंडूराव बसले. बसमध्ये जे जुळवून आणलं होतं ते सगळं विस्कटलं.

“रूपा, त्या दिवशी परसूराव आपण होऊन...”

“अण्णा,” दाणे सोलता सोलताच ती म्हणाली, “माझा नवरा मरताना खोटं बोलला, हे मला तू सांगणार?”

गुंडूरावांनी खाली पडलेला एक दाणा उचलून तिच्यासमोर ठेवला.

“कुणाच्या चहापाण्याला हात पसरणारा माणूस होता का तो? रस्त्यात सापडलेलं नाणं देवळात टाकायचा. तू सरी म्हटल्याशिवाय तो टायर आणणार नाही. घरात तू आलास की पाय खाली सोडून बसायचा.”

“मी मालकांना जाऊन सांगतो. तुला हक्काची भरपाई मिळेल. सगळी.”

“आणि तू?”

“माझं बघू काहीतरी.”

“बघू!” ती हसली. तेच तिचं जुनं, वाईट हसणं. “ह्या वयात तुला कोण देतंय काम? वहिनीनं काय करायचं? भरपाई एकदा येईल आणि संपेल. भव्याचं लग्न तुझ्याच हातून व्हायचंय. नवरा गेला, आता भावाला पण घरी बसवू?”

“पण रूपा...”

“तो बसला ना गप्प? कशासाठी बसला? मग तूही बस.” तिनं सालं मुठीत गोळा केली. “आणि अण्णा, माझी माफी मागू नकोस. तू मागितलीस तर मला ती द्यावी लागेल.”

मग तिनं आत जाऊन पान वाढलं. गुंडूराव जेवले. ताक मागून घेतलं, कारण न मागते तर तिनं विचारलं असतं.

आता ह्यात कुणी काय दिलं ते बघायचं तर असं. मालकांनी माणुसकी दिली, ती त्यांना परवडण्याइतकीच होती. जयतीर्थानं एक चहा दिला. ड्रायव्हरनं जबाब दिला आणि मद्रासची वाट धरली. परसूनं जीव दिला, आणि तो पुरला नाही म्हणून वर नावही दिलं. कारखान्यात आजही कुणी नवा हमाल आला की त्याला चिरीमिरीपायी मेलेल्या परसूचा दाखला देतात. भव्यानं कॉलेज दिलं. रूपश्रीनं नवरा दिला, हक्काची भरपाई सोडली आणि भावाला जाब विचारायचा अधिकारही सोडून दिला.

गुंडूरावांकडे कुणी काही मागितलं नाही.